बारा किलोमीटरसाठी मोटार

22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. पेट्रोलवर चालणारे 1200 घनसेंटिमीटरपर्यंतचे इंजिन आणि 4 मीटरपर्यंतची लांबी, ही लहानपणाची सरकारी व्याख्या. या कपातीनंतर सर्वांत स्वस्त मोटारींच्या किमती साडेतीन ते पावणेचार लाखांच्या घरात उतरल्या, आणि आजवर स्कूटरवर भागवणाऱ्या अनेक कुटुंबांत मोटारीचा विषय गंभीरपणे निघू लागला. भंडारा जिल्ह्यापुरते बोलायचे तर ही कुटुंबे कोणती, हे सांगणे अवघड नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतील कामगार, वरठीच्या पोलाद कारखान्यातील फोरमन, मोहाडी-लाखनीकडील शाळांत जाणारे शिक्षक, आरोग्यकेंद्रांतील परिचारिका, तालुक्याच्या बँकेतील लिपिक. त्यांचे घर आणि त्यांचे काम यांत दहा-बारा किलोमीटरांचे अंतर असते. एवढ्या अंतरासाठी एखादी अगदी लहान, स्वस्त मोटार घ्यावी काय, असा हा प्रश्न आहे. वरवर पाहता तो खाजगी वाटतो. पक्षाच्या साप्ताहिकात त्याची चर्चा कशाला, असेही कोणी विचारील.

परंतु त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. दहा किंवा त्याहून अधिक माणसे नेणाऱ्या वाहनांवरील, म्हणजे बसवरील करही 28 वरून 18 टक्क्यांवर आला. पन्नास माणसांना नेणारी बस आणि बहुधा एकट्या माणसाला नेणारी मोटार, या दोहोंचे सामाजिक मूल्य करआकारणीच्या तराजूत सारखेच ठरले. लहान मोटारीचा प्रश्न सार्वजनिक होतो तो येथे.

समाजवादी वर्तुळात या विषयावर दोन ठरीव प्रतिक्रिया ऐकू येतात. मोटार म्हणजे चैन, तिचा विचार करणारा माणूस मध्यमवर्गीय मोहात सापडलेला, अशी एक. दुसरी नव्या धाटणीची: मोटार सामान्य माणसाच्या दारात आली, हेच लोकशाहीकरण. दोन्ही प्रतिक्रिया आळशी आहेत. पहिली वस्तुस्थिती पाहत नाही आणि दुसरी हिशेब मांडत नाही.

वस्तुस्थितीपासून आरंभ करू. 2022 साली देशात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी 44.5 टक्के दुचाकीवरील होती. नवरा, बायको, पुढे उभे केलेले एक मूल आणि मांडीवर दुसरे, असा संसार घेऊन जाणाऱ्या स्कूटरची आठवण काढून रतन टाटांनी नॅनोची कल्पना मांडली, तेव्हा ती कल्पना भांडवलदाराची म्हणून खोटी ठरत नव्हती. वैनगंगेच्या खोऱ्यातील पाऊस ज्यांनी पाहिला आहे आणि मे महिन्यातील ऊन ज्यांनी सोसले आहे, त्यांना चार चाकांवरील छपराचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. रात्रपाळी संपवून परतणाऱ्या परिचारिकेला चैनीचे व्याख्यान देणे हा तर शुद्ध अविचार होय.

आता हिशेब. समजा, चार लाखांची नवी लहान मोटार घेतली, दहा वर्षे वापरली आणि शेवटी तिचे लाखभर रुपये आले. वर्षाची घट 30,000. गुंतलेल्या सरासरी अडीच लाखांवर 9 टक्के व्याज, म्हणजे 22,500. विमा 12,000, दुरुस्ती व टायर 10,000. जाऊन-येऊन रोज 24 किलोमीटर आणि कामाचे 275 दिवस धरले तर वर्षाला 6,600 किलोमीटर होतात. लिटरमागे 18 किलोमीटर आणि लिटरला 105 रुपये या दराने पेट्रोल सुमारे 38,500. एकूण 1,13,000 रुपये, किलोमीटरमागे सतरा. यातील आकडे प्रत्येकाने आपापल्या परिस्थितीप्रमाणे बदलून पाहावेत, निष्कर्षाची दिशा बदलत नाही. यात पेट्रोलचा वाटा जेमतेम तृतीयांश आहे. उरलेला दोन-तृतीयांश खर्च मोटार दारात उभी राहिली तरी होतच राहतो. म्हणूनच अंतर जितके कमी, तितकी प्रत्येक किलोमीटरची किंमत अधिक. ‘जवळच तर जायचे आहे, मग लहानशी मोटार पुरे’ हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या दृष्टीने नेमका उलटा आहे. मोटार परवडते ती लांब आणि पुष्कळ जाणाऱ्याला, किंवा जिच्यात चारही जागा भरतात त्या कुटुंबाला.

इव्हान इलिच यांनी 1974 साली ऊर्जा आणि समता यांवरील आपल्या छोट्या पुस्तकात अमेरिकन माणसाचा असाच हिशेब मांडला होता. मोटार चालवण्यात जाणारा वेळ आणि मोटारीचे पैसे मिळवण्यासाठी राबण्यात जाणारा वेळ एकत्र केला, तर तो माणूस वर्षाला 1,600 तास मोटारीला देतो आणि त्याचा खरा वेग ताशी पाच मैलांहूनही कमी पडतो, असे त्यांचे गणित होते. हे गणित भंडाऱ्यात करून पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन 2023 साली 16,000 रुपये करण्यात आले. महिन्याला 200 तासांचे काम धरले तर तासाला 80 रुपये. 1,13,000 रुपये मिळवण्यासाठी त्याला 1,412 तास राबावे लागेल. ताशी 30 किलोमीटर वेगाने 6,600 किलोमीटर जाण्यास 220 तास. एकूण 1,632 तासांत 6,600 किलोमीटर, म्हणजे ताशी चार किलोमीटर. धडधाकट माणूस पायी याहून जलद चालतो.

याच रीतीने नव्वद हजारांच्या स्कूटरचा खर्च काढला तर तो वर्षाला पस्तीस हजारांच्या आसपास येतो आणि खरा वेग ताशी दहा किलोमीटर पडतो. सायकलचा वेग अकराच्या पुढे जातो. मात्र 45 अंशांच्या उन्हात रोज चोवीस किलोमीटर सायकल चालवा, असे सांगण्याचा अधिकार ते स्वतः करणाऱ्यासच आहे. एस.टी.चे काय? जानेवारी 2025 मधील भाडेवाढीनंतर साध्या गाडीचे सहा किलोमीटरच्या टप्प्याला 10 रुपये 5 पैसे पडतात. दोन टप्पे, जाणे-येणे, 275 दिवस: वर्षाला अकरा हजार. स्त्रियांना 17 मार्च 2023 पासून अर्धे तिकीट असल्याने साडेपाच हजार. बारा किलोमीटरला अर्धा तास आणि प्रत्येक खेपेला थांब्यावर अर्ध्या तासाची वाट पाहणे धरले, तरी शिक्षण सेवकाचा खरा वेग ताशी साडेनऊ किलोमीटर येतो. पण वाट पाहण्याचा काळ एक तासावर गेला की तो सातच्या खाली घसरतो, आणि गाडी आलीच नाही तर गणितच संपते. पगार कापला जातो, मुख्याध्यापकांची बोलणी खावी लागतात. एस.टी. महाग पडते ती तिकिटात नव्हे, थांब्यावर. ही किंमत प्रवासी आपल्या आयुष्यातून भरतो, म्हणून ती कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. शिक्षण सेवक लहान मोटारीचा विचार करतो तो वेगासाठी नव्हे. नेमक्या वेळी निघता यावे, एवढ्यासाठी तो वर्षाचे सात महिन्यांचे मानधन द्यायला तयार होतो. हा मोह म्हणता येत नाही. त्याच्या हतबलतेची ती किंमत आहे.

‘लोकांची मोटार’ ही या देशातील जुनी घोषणा आहे आणि तिचा इतिहास पक्षाच्या कार्यकर्त्यांना ठाऊक असला पाहिजे. ल. क. झा यांच्या समितीने 1960 च्या सुमारास कमी किमतीच्या मोटारीची शिफारस केली, ती दशकभर फायलींत फिरत राहिली. दरम्यान कोल्हापूर जिल्ह्यात इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी या फारसे न शिकलेल्या कारागिराने 1940 च्या दशकाच्या अखेरीस स्वतःच्या हाताने छोटी मोटार घडवली, पुढे तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या काढल्या. 1970 च्या दशकातील त्यांची ‘मीरा’ बारा हजार रुपयांत देता येईल, असा त्यांचा दावा होता. परवान्यांच्या राज्यात त्या मोटारीला वाट मिळाली नाही. वाट मिळाली ती संजय गांधींना. 1970 साली त्यांना वर्षाला 50,000 मोटारींचे इरादापत्र मिळाले, हरियाना सरकारने गुडगावजवळची सुमारे तीनशे एकर जमीन दिली, आणि मोटार मात्र बाहेर आली नाही. लोकसभेत मधु लिमये, ज्योतिर्मय बसू यांच्यासारख्या सभासदांनी त्या व्यवहाराचा पाठपुरावा केला; पुढे जनता सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती अ. चं. गुप्ता आयोगाने त्याची चौकशी केली. 14 डिसेंबर 1983 रोजी जी मारुती 800 रस्त्यावर आली, ती राष्ट्रीयीकरणानंतर, जपानी सुझुकीच्या तंत्रावर, सरकारी कंपनीतून. ती पन्नास हजारांच्या आतली, टिकाऊ आणि चांगली मोटार होती, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. पण लोहियांनी ज्या लहान यंत्राचा आग्रह धरला होता, ते यंत्र ही नव्हे. गावातील कारागिराच्या हाती राहील आणि त्याच्या अकलेला वाव देईल, असे ते यंत्र होते. इचलकरंजीची मोटार त्याच्या अधिक जवळ होती.

नॅनोची कथा ताजी आहे. 10 जानेवारी 2008 रोजी दिल्लीत ती दाखवली गेली, मार्च 2009 मध्ये बाजारात आली. 624 घनसेंटिमीटरचे इंजिन, मूळ किंमत एक लाख. तिच्यासाठी सिंगूरच्या 997 एकर जमिनीचे संपादन झाले आणि शेतकऱ्यांचा विरोध इतका तीव्र झाला की ऑक्टोबर 2008 मध्ये कारखाना गुजरातेत साणंदला हलवावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2016 रोजी ते संपादन रद्द करून जमीन परत करण्याचा आदेश दिला. 2023 साली लवाद न्यायाधिकरणाने टाटा मोटर्सला 765.78 कोटी रुपये भरपाई देण्याचा निवाडा केला, तो पश्चिम बंगालच्या औद्योगिक विकास महामंडळाविरुद्ध. स्वस्त मोटारीची सगळी किंमत ग्राहकाने दिलेल्या पैशांत नसते, याचे इतके उघड उदाहरण शोधून सापडणार नाही. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाखांची होती. सर्वाधिक खप झाला तो 2011-12 मध्ये, पाऊण लाखाच्या आत. 2018 पर्यंत उत्पादन जवळजवळ थांबले. काही गाड्यांना लागलेल्या आगी हे एक कारण होतेच. पण ज्या समाजात वाहन हे प्रतिष्ठेचे चिन्ह आहे, तेथे ‘सर्वांत स्वस्त’ ही जाहिरात गरिबाच्याही पचनी पडत नाही. मालगुजाराची दमणी दारावरून गेली की गाव उठून उभे राहत असे. मालगुजारी 1951 साली कायद्याने गेली, तो रिवाज चाकांच्या रूपाने उरला. गाडी किती माणसे नेते, यापेक्षा ती किती उंच आहे, याकडे आजही पाहिले जाते. आणि कारखानदारही नफा अधिक म्हणून उंच गाड्यांकडेच वळले. लहान मोटार आज ग्राहक आणि उत्पादक या दोघांचीही नावडती झाली आहे. विजेवर चालणाऱ्या तीन मीटरांच्या आतल्या गाडीची 2023 मधील आरंभीची किंमत आठ लाखांच्या आसपास होती. लहान म्हणजे स्वस्त हे समीकरणही तेथे मोडले.

भंडारा जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि मुंबई-पुण्याच्या जाहिरातींत ती कधीच येत नाही. ‘शहरी मोटार’ या कल्पनेच्या मागे शहर गृहीत असते: आतले रस्ते, कमी वेग, सिग्नल. 2011 च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख आणि त्यांतील पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहतात. भंडारा शहर तेव्हा नव्वद हजारांच्या आसपास होते. खांब तलावापासून बाजारापर्यंत जायला मोटारीची गरज नसते. गरज असते ती शहराबाहेर जाताना, आणि शहराबाहेर जाणे म्हणजे बहुधा नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्गावर, पूर्वीच्या 6 आणि आताच्या 53 क्रमांकाच्या रस्त्यावर जाणे. जवाहरनगर, लाखनी, साकोली ही सारी त्याच दोरीला बांधलेली गावे. छत्तीसगडचे लोखंड आणि कोळसा वाहणाऱ्या अवजड ट्रकांच्या रांगेत हलकी मोटार घालायची, ही जोखीम स्कूटरपेक्षा कमी असली तरी लहान नव्हे. बजाजची क्यूट ही चारशे किलोंच्या आसपासची चौचाकी 2019 साली महाराष्ट्रात खाजगी वापरासाठी अडीच लाखांच्या आत आली, तेव्हा तिचा कमाल वेग ताशी 70 किलोमीटर होता. गावातल्या गावात ती शहाणपणाची गाडी. महामार्गावर ती स्वतः अडकते आणि इतरांनाही अडवते. लहान गाडीसाठी लहान रस्ता लागतो. महामार्गाच्या कडेने अखंड सेवारस्ता असेल, तर त्यावर सायकल, ई-रिक्षा आणि असली हलकी गाडी तिघेही सुखाने जातील. रुंदीकरणाच्या प्रत्येक योजनेत मधल्या मार्गिकांचा विचार आधी होतो, कडेच्या रस्त्याचा निधी उरला तर.

ज्याला मोटार घ्यावीच लागणार आहे, त्याला काय सांगावे? प्रथम वहीत वर्षाचे किलोमीटर लिहावेत. सात-आठ हजारांच्या खाली असतील, तर नवी मोटार घेऊ नये. चार-पाच वर्षे जुनी, एका हातची, तालुक्याच्या गावात जिचे सुटे भाग आणि मिस्त्री दोन्ही मिळतात अशी गाडी घ्यावी. वरच्याच पद्धतीने काढल्यास तिचा खर्च पाव हिश्शाने कमी येतो. किमतीत चार-पाच हजार वाचवण्यासाठी सुरक्षेच्या सोयी सोडू नयेत. 2023 पासून देशात धडक-चाचणीचे गुणांकन सुरू झाले आहे, ते पाहूनच निर्णय करावा. एकाच कारखान्यात वा एकाच दिशेच्या शाळांत जाणारे चौघे मिळून एक मोटार वापरत असतील, तर किलोमीटरचे सतरा रुपये माणशी चार-साडेचारांवर येतात. सहकाराची भाषा व्यासपीठावरून पुष्कळ झाली. तिचा प्रयोग करायला ही जागा वाईट नाही. कर्जाच्या हप्त्यापायी भविष्यनिर्वाह निधीला हात लावण्याची पाळी येत असेल, तर मात्र स्कूटरवर हेल्मेट घालून जावे आणि पावसाळ्यात एस.टी. धरावी.

पण हा सल्ला व्यक्तीला झाला. 2011 च्या जनगणनेत देशातील 4.7 टक्के कुटुंबांकडे मोटार, जीप वा व्हॅन होती, 21 टक्क्यांकडे स्कूटर वा मोटारसायकल आणि सुमारे 45 टक्क्यांकडे सायकल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मोटारीचे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास दिसते. म्हणजे सर्वांत स्वस्त मोटार येऊन जाऊन दहा वर्षे झाली तरी नव्वदांहून अधिक टक्के कुटुंबे मोटारीविना आहेत. त्यांचे जाणे-येणे एस.टी.वर, काळी-पिवळीवर, ऑटोवर आणि पायांवर अवलंबून आहे. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस सुरू झालेला एस.टी. कामगारांचा संप एप्रिल 2022 पर्यंत चालला, तेव्हा खेड्यांतील मुलींच्या शाळेचे काय झाले ते येथील कार्यकर्त्यांनी पाहिले आहे. त्या काळात ज्याने कर्ज काढून दुचाकी घेतली, तो परत एस.टी.कडे वळला नाही. प्रवासी गेला म्हणून फेरी बंद, आणि फेरी बंद म्हणून आणखी प्रवासी गेला, अशा रीतीने सार्वजनिक सेवा आतून खचते. लहान मोटारीची किंमत कमी करणे हा या रोगावरचा उपाय नव्हे. त्याने रोगाची गती वाढते.

1954 च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्याने अशोक मेहतांना लोकसभेत पाठवले. मागासलेल्या अर्थव्यवस्थेच्या राजकीय अपरिहार्यता हा त्यांचा विषय होता आणि त्यावरून समाजवाद्यांत कडाक्याचे मतभेद झाले. ते मतभेद बाजूला ठेवले तरी त्यांनी विचारलेला प्रश्न शिल्लक आहे: भांडवल अपुरे असताना ते प्रथम कशात घालायचे? चार लाखांच्या दहा मोटारींचे चाळीस लाख होतात. तेवढ्या रकमेत एक साधी बस येते आणि दिवसभरात शेकडो माणसे नेते. मोटार घेणाऱ्या दहा कुटुंबांना हा दोष देता येणार नाही, कारण त्यांना एकत्र येऊन बस घेण्याची सोय कोणी ठेवलेली नाही. ती सोय राज्याने करायची असते, आणि त्यासाठीच तर एस.टी. 1948 साली जन्माला आली. भंडारा विभागाच्या गाड्या भंडारा व गोंदिया या दोन्ही जिल्ह्यांना पुरवल्या जातात. ट्रक व बस यांसाठी लागणारे गिअरबॉक्स 1982 पासून याच जिल्ह्यात, गडेगावच्या कारखान्यात बनतात.

कार्यकर्त्यांना तालुक्यातालुक्यांत करता येण्याजोगे काम आहे. कारखान्यांच्या पाळ्यांच्या वेळा आणि एस.टी.च्या वेळा एका कागदावर समोरासमोर मांडाव्यात. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा तिसऱ्या रकान्यात लिहाव्यात. प्रत्येक थांब्यावर आठवडाभर उभे राहून किती माणसे किती वेळ थांबली, याची नोंद करावी. अशा नोंदी घेऊन विभाग नियंत्रकाकडे गेलेल्या शिष्टमंडळाला निव्वळ निवेदनावर वाटेला लावता येत नाही. काळी-पिवळीला बेकायदा ठरवून हप्त्यांवर चालू देण्यापेक्षा ठरलेली वेळ, ठरलेले भाडे आणि ठरलेली माणसे यांवर परवाना द्यावा, ही मागणीही त्याच निवेदनात असावी. बसवरील कर 18 वरून 5 टक्क्यांवर आणावा, ही मागणी दिल्लीकडे. सायकलवर तेवढाच आहे.

आरंभ वरठीपासून करता येईल. भंडारा रोड हे स्टेशन शहरात नाही, शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर वरठीला आहे. मुंबईची विदर्भ एक्स्प्रेस आणि कोल्हापूरची महाराष्ट्र एक्स्प्रेस तेथे थांबतात. रात्री-पहाटे उतरलेला प्रवासी बॅग घेऊन बाहेर येतो आणि ऑटोवाला सांगेल त्या भाड्यात घरी जातो, किंवा कोणाच्या तरी मोटारीची वाट पाहतो. आगगाड्यांच्या वेळेला बांधलेली, गाडी उशिरा आली तर थांबून राहणारी एक बस त्या स्टेशनाबाहेर उभी करायला किती खर्च येतो, याचा अंदाज विभागीय कार्यालयाकडून लेखी मागवावा.